ज्याची त्याची वही

शनिवारी सकाळी साडेदहाच्या सुमाराला गल्लीत भंगारवाल्याची आरोळी उठली आणि पियानोसमोर बसलेल्या सात वर्षांच्या मुलीची बोटं जागच्या जागी थांबली. तिचं सगळं लक्ष खिडकीकडे गेलं. स्टँडवर पुस्तकाचं चौदावं पान उघडं होतं. बाईंनी ते मिटून बाजूला ठेवलं आणि म्हणाल्या, "तो ओरडतोय ते पट्ट्यांवर सापडतंय का बघ."

मुलगी एका बोटानं चाचपडू लागली. वरचा सूर लवकर मिळाला, खालचा मिळेना. पांढरी चार दाबली, मान हलवली. पांढरी दोन दाबली, पुन्हा मान हलवली. शेवटी पांढरी पाचवरून ती पांढरी तीनवर उतरली आणि ओरडली, "टीचर, हाच!" मग बाईंनी एकच अट घातली. वरचा सूर करंगळीनं वाजवायचा आणि खालचा मधल्या बोटानं.

अटीला कारण होतं. तीन आठवडे त्या मुलीची करंगळी पट्टीवर टेकली की शेवटच्या पेरात आत मोडत होती. बोट गोल ठेव, बोट गोल ठेव, असं सांगून काही होत नव्हतं. आता तिला भंगारवाल्याचा आवाज हवा होता, अगदी टोकाच्या इमारतीपर्यंत पोचणारा. मोडक्या करंगळीतून तो निघेना. दहाएक वेळा वाजवल्यावर तिनं आपणहून बोटाचं टोक उभं केलं, मनगट थोडं सैल सोडलं, आणि आवाज खणखणीत आला. बाईंनी पाच रेघांच्या कोऱ्या वहीत ते दोन सूर लिहिले, त्यांच्यावर पाच आणि तीन असे बोटांचे आकडे घातले आणि शीर्षकाची जागा मुलीसाठी मोकळी सोडली. तिनं पेन्सिलीनं लिहिलं : 'जुने पेपरवाला'.

प आणि ग यांच्यातलं हे उतरतं अंतर मुलांच्या गळ्यातच असतं. मैत्रिणीला खालून हाक मारताना, खेळात कुणाला चिडवताना आवाज बहुतेक वेळा याच जोडीवर जातो. हंगेरीत झोल्तान कोदाय यांच्या विचारांतून जी शिक्षणपद्धती उभी राहिली, तिच्यात मुलांचं गाणं इथूनच सुरू होतं. बाईंनी पुढच्या शनिवारी तीच आरोळी काळी तीन आणि काळी दोनवर वाजवून घेतली, त्याच्या पुढच्या शनिवारी डाव्या हातानं, खालच्या सप्तकात. सूर बदलले तरी हाक तीच राहते, हे त्या मुलीला कुणी समजावून सांगावं लागलं नाही.

पुण्यातल्या या बाईंच्या कपाटात अशा वह्या आहेत, प्रत्येक मुलाची एक. छापील पुस्तकंही आहेत आणि ती वापरलीही जातात. पण धडा वहीतून निघतो आणि पुस्तकाकडे जातो, असा त्यांचा क्रम. त्या स्वतः लहानपणी ज्या क्लासला जात, तिथे सगळ्या मुलांना एकच पुस्तक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाजवावं लागे आणि बोट चुकलं की त्यावर फूटपट्टी बसे. पुस्तक संपलं तेव्हा त्यांना वाजवता येत होतं, पण पियानोजवळ जावंसं वाटत नव्हतं. परत जायला पुढे बरीच वर्षं लागली.

वहीची कल्पना मात्र बाईंची नाही. तिला तीनशे वर्षं झाली. 22 जानेवारी 1720 रोजी जर्मनीतल्या क्योथेन गावी, तिथल्या राजपुत्राच्या पदरी असलेल्या योहान सेबास्टियन बाख यांनी आपल्या थोरल्या मुलासाठी, विल्हेल्म फ्रीडेमानसाठी, एक वही सुरू केली. मुलगा नऊ वर्षांचा होता. वहीवर त्याचं नाव आहे आणि ही तारीखही. आत आधी सुरांची नावं आणि चिन्हं, मग नक्षीच्या सुरांचा तक्ता : कोणती खूण दिसली की तो सूर कसा हलवायचा. त्यानंतर एक चिमुकली रचना, जिच्यात जवळजवळ प्रत्येक सुरावर बोटाचा आकडा आहे. उजव्या हाताला सरळ चढत जायचं आहे आणि आकडे आहेत तीन-चार, तीन-चार. म्हणजे मधलं बोट आणि अनामिका आळीपाळीनं, एकमेकांवरून पाऊल टाकत. अंगठा बाजूला. आज कुणी असं शिकवत नाही, आज अंगठा बोटांखालून सरकवायचा असतो. बाई तरीही मोठ्या मुलांना एकदा ते तीन-चार करून बघायला लावतात. सूर दोन-दोनांच्या जोड्यांत बोलू लागतात, श्वास घेतल्यासारखे. आकडा फक्त बोटाच्या सोयीसाठी नसतो, हे मुलांना कानानं कळतं.

त्या वहीत वडिलांचं अक्षर आहे तसं मुलाचंही आहे. आज जगभर जी 'इन्व्हेन्शन्स' शिकवली जातात, त्यांची पहिली रूपं या वहीत आहेत आणि 'वेल-टेम्पर्ड क्लाव्हियर'च्या पहिल्या भागातल्या अकरा प्रील्यूड्सचीही. इन्व्हेन्शन्सची सुबक प्रत बाख यांनी 1723 मध्ये केली आणि तिच्या मुखपृष्ठावर हेतू नोंदवला : दोन स्वतंत्र सुरावटी स्वच्छ वाजवता याव्यात, वाजवणं गाण्यासारखं व्हावं आणि शिकणाऱ्याला स्वतः रचण्याचीही गोडी लागावी. तिसरी गोष्ट आपल्याकडच्या वर्गांतून जवळपास नाहीशी झाली आहे. मूल चित्र काढतं तेव्हा त्याच्याकडून फक्त दुसऱ्यांची चित्रं गिरवून घेऊन आपण समाधान मानत नाही. पियानोच्या बाबतीत मात्र वर्षानुवर्षं मानतो.

असं घरात घडलेलं आणखीही आहे. लिओपोल्ड मोझार्ट यांनी 1759 मध्ये मुलगी नानर्लसाठी वही केली. तीच पुढे तिच्या धाकट्या भावाच्या, वोल्फगांगच्या, हाती आली. तिच्यात वडिलांची एक नोंद आहे : 26 जानेवारी 1761, पाचव्या वाढदिवसाच्या आदल्या रात्री, वोल्फगांग एक मिन्युएट अर्ध्या तासात शिकला. रॉबर्ट शुमान यांच्या 'आल्बम फॉर द यंग'मधले पहिले काही तुकडे 1848 मध्ये मुलगी मारीच्या सातव्या वाढदिवसासाठी रचलेले आहेत.

बाईंचा सगळ्यांत जीव जडला आहे तो बेला बार्टोक यांच्यावर. बुडापेस्टमधला हा मोठा संगीतकार अनेक वर्षं पियानो शिकवत आला, पण स्वतःचा मुलगा पेतर शिकायला बसला तेव्हा त्यानं रूढ पुस्तक काढलं नाही. पेतरनं पुढे सांगितलं आहे की सुरुवातीला त्याला नुसतं गायचं होतं. मग वडील जागच्या जागी सुचतील ते बोटांचे व्यायाम देऊ लागले. कधी धडा चालू असताना ते मुलाला थांबायला सांगत आणि टेबलाशी जाऊन बसत. मुलाला फक्त लेखणीची करकर ऐकू येई. थोड्या वेळानं ताजा कागद पियानोवर येई, तो तिथल्या तिथे वाचून उलगडायचा आणि पुढच्या धड्यापर्यंत बसवायचा. 1926 ते 1939 या काळात तयार झालेल्या 'मिक्रोकॉस्मोस'च्या 153 तुकड्यांत असे कागद आहेत. सहा खंडांपैकी पहिले दोन पेतरला अर्पण केलेले आहेत.

टेबलावरची ती करकर बाईंना फार मोलाची वाटते. समोर बसलेल्या मुलाचा हात पाहून, त्या क्षणी त्याला काय हवं ते ओळखून केलेलं ते लेखन आहे. शिकवणाऱ्याकडे बार्टोकची प्रतिभा नसली तरी चार मात्रांचं काहीतरी त्याला लिहिता येतं. तेवढं पुरतं.

मुलं येतातही किती वेगवेगळी. ज्यांच्या घरी पेटी आहे, ज्यांच्या घरात कोण काळी चारमध्ये गातं आणि कोण पांढरी पाचमध्ये हे जेवताना बोललं जातं, अशा मुलांना पट्ट्या परक्या नसतात. पण पेटीवर डावा हात भाता मारतो. त्यामुळे ही मुलं येतात तेव्हा उजवा हात सराईत आणि डावा हात सुरांच्या बाबतीत कोरा. त्यांच्या वहीची पहिली पानं फक्त डाव्या हाताची असतात. उजव्या हातानं मांडीवर ठेका धरायचा. अगदी लहान, चार-पाच वर्षांची मुलं आली की बाई हंगेरीच्याच ग्यॉर्गी कुर्ताग यांच्या 'याटेकोक'चा, म्हणजे 'खेळां'चा, आधार घेतात. तिथे तळहातानं, मुठीनं, कोपरापासूनच्या अख्ख्या हातानं वाजवायचं असतं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. अठ्ठ्याऐंशी पट्ट्यांचं ते मोठं वाद्य मुलाच्या अंगाला आधी कळायला हवं. शेजारी तक्रार करतात, म्हणून हा खेळ दुपारी चारनंतर.

या पद्धतीत बाईंच्या हातून एक चूकही झाली, आणि ती त्या नव्या पालकांना मुद्दाम सांगतात.

एक मुलगा तबला शिकत शिकत पियानोकडे आला. लय जन्मजात. बार्टोकच्या 113 क्रमांकाच्या तुकड्यात सात मात्रा आहेत, दोन-दोन-तीन अशा विभागलेल्या. नुसतं ऐकून तो म्हणाला, "हा रूपकच आहे, पण उलटा." रूपकात तीन-दोन-दोन. इतका तयार कान पाहून बाई हरखल्या. त्याच्या वहीत त्यांनी रूपक, झपताल, दादरा या सगळ्यांचे तुकडे रचले आणि प्रत्येक तुकडा आधी वाजवून दाखवला. मुलगा दोनदा ऐके आणि वाजवे. दोन वर्षं अशी आनंदात गेली. मग वडिलांची बदली झाली, नव्या गावात नव्या शिक्षकांनी त्याच्यासमोर एक साधं पान ठेवलं आणि त्याला दोन ओळीही वाचता आल्या नाहीत. आईचा फोन आला तेव्हा ती रागावलेली नव्हती, फक्त विचारत होती, की याला वाचायला शिकवायचं राहिलं का? राहिलं होतं. मुलाचं जे बलस्थान होतं तेच बाई कुरवाळत बसल्या आणि जे त्याला अवघड जात होतं त्याच्या वाटेला गेल्याच नाहीत. मुलाच्या कलानं शिकवायचं याचा अर्थ त्यांनी अर्धाच घेतला होता.

तेव्हापासून प्रत्येक धड्यात एक तुकडा असा असतो जो बाई वाजवून दाखवत नाहीत. मुलानं तो डोळ्यांनी वाचायचा, बोटं ठेवायची, काय ऐकू येईल याचा अंदाज बांधायचा आणि मगच वाजवायचं. पेतरच्या समोर तो ताजा कागद यायचा, तसंच.

परीक्षांबद्दल पालक विचारतातच. लंडनच्या ट्रिनिटी किंवा एबीआरएसएमच्या परीक्षा, ग्रेड एक ते आठ. बाई मुलांना बसवतात. त्या परीक्षांना शिस्त आहे आणि काही मुलांना समोर तारीख असली की हुरूप येतो. मात्र वर्षभर तीनच तुकडे घोटून घेऊन ग्रेड पदरात पाडण्याला त्यांचा ठाम विरोध आहे. अशा मुलाला सुट्टीत पाहुण्यांसमोर बसवलं तर ते तेच तीन तुकडे वाजवतं, आणि परीक्षा होऊन सहा महिने झाले की तेही विसरतं. वहीतलं मूल निदान स्वतःचा 'जुने पेपरवाला' वाजवून दाखवतं आणि तो काळ्या पट्ट्यांवर कसा जातो तेही सांगतं.

त्या मुलीच्या वहीची आता तेवीस पानं भरली आहेत. तेविसाव्या पानावर तिची स्वतःची रचना आहे, आठ मात्रांची. शेवटचा सूर सा वर न येता नी वर लटकत राहतो. बाईंनी विचारलं, संपलं का? मुलगी म्हणाली, नाही, तो उद्या परत येणार आहे. बाईंनी तो सूर तसाच ठेवला.

पियानो, कीबोर्ड, पेटी, काहीही शिकवत असाल, तर पुढच्या धड्याला पाच रेघांची नाहीतर साधी एकरेघी वही घेऊन जा. वरती मुलाचं नाव लिहा, खाली तारीख. पहिली ओळ त्याच्याकडूनच येऊ द्या.