पट्टीवर चढलेलं ऑइल

गणपतीला आठ दिवस राहिले की नायगावात माझ्यासारख्या मिस्त्रीला जेवायला बसायलाही सवड नसते. परळ, लालबाग, दादरच्या चाळींतून कोकणात जाणाऱ्या गाड्या भरलेल्या असतात आणि मालकांना गाडीची सगळी दुखणी नेमकी त्याच आठवड्यात आठवतात. अशाच एका संध्याकाळी एक जुनी बस दारात येऊन उभी राहिली. ड्रायव्हर चिपळूणकडचा, माझ्याच वयाचा. म्हणाला, "मिस्त्री, गाडी गरम झाली की स्लोला ऑइलची बत्ती लागते. रेस दिली की जाते."

दोन दिवसांपूर्वी त्याने गाडी हिंदमाताच्या तुंबलेल्या पाण्यातून काढली होती, म्हणून इंजिनात पाणी शिरलं असा सगळ्यांचा समज. आणखी एका मिस्त्रीने तर निकालच देऊन टाकला होता की क्रँक गेला, इंजिन बांधावं लागेल. आठ दिवसांत इंजिन काढून, क्रँक ग्राइंडिंगला पाठवून परत बसवायचं म्हणजे त्या मालकाचा अख्खा सीझन गेला.

ऑइलच्या दाबाचं मला पहिल्यांदा कळलं ते चाळीच्या नळावरून. मी बीडीडी चाळीत वाढलो. तळमजला आणि वर तीन मजले. खाली कोणी नळ सताड सोडला की तिसऱ्या मजल्यावर आमच्या बादलीत करंगळीएवढी धार यायची. खालचा नळ बंद झाला की धार जोर धरायची. टाकीत पाणी तेवढंच, पाइप तोच. इंजिनात तसंच असतं. ऑइल पंप फक्त ऑइल ढकलतो. दाब तयार होतो तो त्या ऑइलला पुढे वाट अरुंद मिळते म्हणून. क्रँक आणि बेरिंग यांच्यामधली फट मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी असते. तीच फट झिजून दुप्पट झाली, तर त्यातून निसटणारं ऑइल दुप्पट नाही, जवळपास आठपट होतं. म्हणून बेरिंग गेलं की दाब एकदम कोसळतो. पण ऑइल पातळ झालं तरी तेच होतं, आणि बत्तीला या दोन गोष्टींतला फरक कळत नाही.

हा फरक मला महागात पडून कळला. विशीत असताना मी एका गॅरेजमध्ये कामाला होतो. तिथेही अशीच एक बस आली होती, गरम झाल्यावर काटा पडणारी. मोठ्या मिस्त्रींनी सांगितलं, जाड ऑइल भर. मी तीसऐवजी पन्नास ग्रेडचं भरलं. काटा वर गेला, मालक खूश झाला, मलाही वाटलं काम झालं. तीन आठवड्यांनी कशेडी घाटात रात्री त्या इंजिनाचं बेरिंग फिरलं. चाळीस माणसं, त्यात म्हातारी, लहान पोरं, पावसात रस्त्याच्या कडेला पहाटेपर्यंत बसून राहिली. जाड ऑइलने गेजवरचा आकडा वाढला होता, झिजलेलं बेरिंग होतं तसंच राहिलं. ती माणसं मी कधी पाहिली नाहीत, पण कुठल्याही गाडीची ऑइलची बत्ती लागली की ती मला दिसतात.

म्हणून या बसला आधी हात लावला नाही, इंजिन बंद करायला लावलं आणि पाऊण तास थांबलो. मग ऑइलची पट्टी काढली. ऑइल वरच्या खुणेच्याही बोटभर वर होतं. ड्रायव्हर समाधानाने म्हणाला, "बघा, ऑइल भरपूर आहे. महिनाभर टाकावंच लागलं नाही." मला मात्र तिथेच धस्स झालं. चालत्या इंजिनातलं ऑइल थोडंफार कमी होतं, ते समजण्यासारखं आहे. ते वाढतं तेव्हा बाहेरचं काहीतरी आत येत असतं.

पाणी असतं तर ऑइल चहात दूध पडल्यासारखं झालं असतं. हे काळंभोर होतं. दोन बोटांत चोळलं तर चिकटपणा नव्हता, बोटं सुटी होत होती. नाकाशी धरलं. डिझेल. खात्रीसाठी टिपकागदावर एक थेंब सोडला आणि बाकावर ठेवून दिला. तासाभराने मध्ये काजळीचा गोल आणि त्याच्या बाहेर दूरवर पसरलेलं फिकट, पिवळट कडं दिसलं.

मग मास्टर गेज लावलं. गाडीतल्या बत्तीवर किंवा मीटरवर मी कधी विसंबत नाही. त्यांचा स्विच खराब असला, वायर घासली असली, तरी ती खोटं बोलतात. माझ्या गेजमध्ये वायर नाही, पितळेची एक वाकडी नळी आहे. आत दाब आला की ती सरळ व्हायला बघते आणि काटा ओढते. युजीन बुर्दों या फ्रेंच माणसाने १८४९ साली शोधून काढलेली ही युक्ती अजून तशीच चालते. मुख्य ऑइल गॅलरीचा प्लग काढून गेज जोडलं. थंड इंजिनावर चार किलो. गरम झाल्यावर रेसला दोन, आणि स्लोला अर्ध्या किलोच्याही खाली. एवढ्या इंजिनाला गरम असताना स्लोला निदान एक किलो तरी हवा.

आता डिझेल कुठून येतं ते शोधायचं. नोजल, फीड पंप, डिझेल पंपाचे एलिमेंट, कुठूनही येऊ शकतं. या गाडीचा डिझेल पंप इंजिनाच्याच ऑइलवर चालणारा होता, म्हणजे पंपात गळलेलं डिझेल सरळ खाली ऑइलच्या चेंबरमध्ये उतरणार. पंपाच्या बाजूचं झाकण काढलं, आतलं सगळं कोरडं पुसून घेतलं आणि क्लिनरला हातपंप मारायला सांगितलं. मी बॅटरी धरून बघत राहिलो. वीसेक वेळा मारल्यावर चौथ्या एलिमेंटच्या बुडाशी एक थेंब जमला, फुगला आणि खाली घरंगळला. मागोमाग दुसरा. इतक्या बारीक गळतीवर एका माणसाने इंजिन बांधायला सांगितलं होतं.

तरी मी तिथे थांबलो नाही. पातळ ऑइलवर गाडी महिनाभर पळाली होती. बेरिंगमध्ये क्रँक ऑइलच्या पापुद्र्यावर तरंगत असतो, धातूला धातू लागतच नाही. १८८३ साली बोशॅम्प टॉवर नावाच्या इंग्रज इंजिनिअरने रेल्वेच्या बेरिंगला वरून भोक पाडलं, तर त्यातून ऑइल वर यायला लागलं. बूच मारलं तर ते उडालं, लाकडी खुंटीही उडाली. तो पापुद्रा किती जोर धरतो हे तेव्हा समजलं. पण ऑइल पातळ झालं की पापुद्राही पातळ होतो, आणि घाटात लोड आला की फाटतो. मुकाट्याने चेंबर उतरवला.

रात्री दहा वाजता गाडीखाली पाठीवर पडून तीन बिग एंड आणि दोन मेन बेरिंग सोडले. बिग एंडचा मार वरच्या अर्ध्या बेरिंगवर बसतो, मेनचा खालच्या अर्ध्यावर. ते पुसून उजेडात धरले. राखाडी थर सगळीकडे शाबूत होता, दोनचार ओरखडे होते, पण खालचं तांबं कुठे डोकावत नव्हतं. फिल्टर कापून उलगडला, त्यातही चमक नव्हती. मालक वाकून बघत होता. त्याला म्हटलं, "शेठ, इंजिन वाचलं. पंप उद्या पंपवाल्याकडे."

ऑइल नाकाशी धरलं की मला अण्णा आठवतात. आमच्या शेजारचे हे अण्णा बेस्टच्या दादर वर्कशॉपमध्ये आयुष्यभर फिटर होते. १५ जुलै १९२६ ला अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट मुंबईची पहिली बस धावली, ती तारीख ते आम्हा पोरांना सणासारखी सांगायचे. त्यांच्या हयातीत डिझेलच्या डबलडेकर सगळीकडे होत्या. शेवटची १५ सप्टेंबर २०२३ ला बंद झाली. आता दादरच्या रस्त्यावर इलेक्ट्रिक बस आवाज न करता बाजूने जाते. तिला ऑइलची पट्टी नाही. मी थांबून बघतो, आणि अण्णा आज असते तर त्यांनी तिच्यात सगळ्यात आधी कुठे नाक घातलं असतं, असा विचार करतो. हे नाक त्यांनीच मला दिलं.

चौथ्या दिवशी पंप बसवला. नवं पंधरा-चाळीस ऑइल, नवा फिल्टर. सायनपर्यंत नेऊन आणली, ट्रॅफिकमध्ये चांगली तापवली. दारात आणून स्लोला ठेवली. गेजचा काटा पावणेदोन किलोवर उभा राहिला आणि तिथून हलला नाही.

गाडी सुटायच्या पहाटे मी चाळीखाली गेलो. टपावर ट्रंका, खोकी, बांधलेल्या गाद्या चढत होत्या. एक आजी पुढच्या सीटवर बसून कापडात गुंडाळलेला देवाचा चौरंग मांडीवर धरून होती. ड्रायव्हरने बॉनेट उघडलं, पट्टी काढली, फडक्याने पुसली, परत घालून काढली. पातळी बघायच्या आधी त्याने ती नाकाशी नेली.

"नुसतं ऑइलच, मिस्त्री," तो म्हणाला आणि पट्टी जागेवर सारली.