कशावरून?

मराठी भाषेत एक लहानसा प्रश्न आहे: ‘कशावरून?’ न्यायालयात तो वकील विचारतो, ओसरीवर बसलेली आजी विचारते आणि धर्मशिक्षणाच्या वर्गात एखादा चुणचुणीत मुलगा विचारतो. पहिल्या दोघांचे आपणांस काही वाटत नाही. तिसऱ्याने विचारला की मात्र आपण अस्वस्थ होतो. ‘मोठा झालास की कळेल’ असे म्हणून त्याला खाली बसवतो. वस्तुतः या शब्दात उद्धटपणा मुळीच नाही. तो समोरच्याला खोटे ठरवीत नाही. तुमचे बोलणे कशावर उभे आहे, एवढेच विचारतो. ज्याच्या पायाखाली खडक आहे त्याने या प्रश्नाला भिण्याचे कारण काय?

या एका प्रश्नाचे जे शास्त्र झाले, त्याला ज्ञानमीमांसा म्हणतात. एखादी गोष्ट मला ‘माहीत आहे’ असे मी म्हणतो, तेव्हा त्या म्हणण्याचा अधिकार मला कोठून मिळाला, याचा शोध हे शास्त्र घेते. तोच शोध देव, प्रार्थना, साक्षात्कार आणि मरणोत्तर जीवन यांच्याविषयी घेतला की धर्माचे तत्त्वज्ञान सुरू होते. धर्मशिक्षण श्रद्धा शिकवते. धर्माचे तत्त्वज्ञान त्या श्रद्धेचा पाया तपासते. सेमिनरीत आम्हांला ईश्वरज्ञानाच्या वर्गात बसण्यापूर्वी तत्त्वज्ञानाची वर्षे काढावी लागत. आमच्यातील पुष्कळांना ती वर्षे म्हणजे घाईने ओलांडून जायची नदी वाटे. ख्रिस्तसभेने ही नदी मुद्दाम वाटेत ठेवली आहे, हे हळूहळू उमगत गेले. १८७० साली पहिल्या व्हॅटिकन परिषदेने असे शिकवले, की मानवाच्या नैसर्गिक बुद्धीच्या प्रकाशात देवाचे अस्तित्व निश्चितपणे जाणता येते. म्हणजे बुद्धीला दाराबाहेर उभी करून श्रद्धेने आत जावे, हा मार्ग आपला नव्हे.

हा विषय युरोपातला, आपल्या मातीला परका, असे कोणाला वाटत असेल तर त्याने कृष्णाकाठ आठवावा. महाबळेश्वरी उगम पावलेली कृष्णा सातारा जिल्ह्यात वाईच्या घाटांना स्पर्श करून जाते आणि पुढे कऱ्हाडवरून सांगलीला येते. या एकाच नदीच्या काठाशी दोन अशा प्राध्यापकांची नावे जोडलेली आहेत, ज्यांनी हयातभर ‘कशावरून?’ हाच प्रश्न विचारला. दोघेही ख्रिस्ती नव्हते. तरीही आपल्या धर्मग्रामांतील कुटुंबांनी त्यांची ओळख करून घ्यावी, असे मला मनापासून वाटते.

पहिले रामचंद्र दत्तात्रेय रानडे, लोकांच्या मुखी ‘गुरुदेव रानडे’. त्यांचा जन्म १८८६ साली जमखंडीचा. आजच्या सांगली जिल्ह्यातील जत तालुक्यात उमदी नावाचे गाव आहे; तेथील भाऊसाहेब महाराज हे त्यांचे गुरू. शाळकरी वयातच त्यांनी या गुरूंकडून नाम घेतले. पुढे तत्त्वज्ञान घेऊन ते एम.ए. झाले, पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकवू लागले आणि काही काळ सांगलीच्या विलिंग्डन महाविद्यालयातही त्यांनी अध्यापन केले. हे महाविद्यालय १९१९ साली स्थापन झालेले. नंतर अलाहाबाद विद्यापीठात ते तत्त्वज्ञान विभागाचे प्रमुख झाले, कुलगुरुपदापर्यंत पोहोचले आणि १९४६ साली निवृत्त झाले. १९५७ साली विजापूरजवळच्या निंबाळ येथे त्यांनी देह ठेवला. उपनिषदांच्या तत्त्वज्ञानावरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९२६ चा, आणि महाराष्ट्रातील संतांच्या गूढानुभवावरील ‘मिस्टिसिझम इन महाराष्ट्र’ १९३३ चा.

रानडे यांच्या जीवनातील विशेष असा, की ते सकाळी नामस्मरण करणारे साधक होते आणि वर्गात पाश्चात्त्य तत्त्वज्ञांची तर्कशुद्ध चिकित्सा करणारे अध्यापक होते. या दोन रानड्यांमध्ये त्यांनी भिंत बांधली नाही. संत सांगतात की आम्हांला देवाचे दर्शन झाले. ते खरे कशावरून? मनाचा भ्रम नव्हे कशावरून? हा प्रश्न एखाद्या नास्तिकाने विचारण्याआधी रानडे यांनी स्वतःच विचारला आणि त्याच्या कसोट्याही मांडल्या. निरनिराळ्या देशांतील, काळांतील आणि धर्मांतील साधकांचे अनुभव एकमेकांशी जुळतात काय? तो अनुभव बुद्धीला पांगळी करतो की तिला अधिक प्रखर करतो? भावना त्यामुळे शुद्ध होते की नुसतीच उसळते? आणि त्या अनुभवानंतर माणूस नीतीने वाढतो काय? अंतःप्रज्ञा ही बुद्धी, भावना आणि इच्छाशक्ती यांची वैरीण नसून त्यांच्या मुळाशी असलेली शक्ती आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते.

हे वाचताना कॅथोलिक वाचकाला आपल्याच घरातील माणसे आठवतात. आविलाची संत तेरेसा आणि क्रूसाचा संत योहान या सोळाव्या शतकातील दोन कार्मेली गुरूंनी दर्शने आणि दिव्य वाणी यांच्याविषयी केवढी सावधगिरी शिकवली आहे! संत योहान तर अशा गोष्टींना चिकटूच नका, असे सांगतो. तेरेसाची कसोटी साधी आहे: प्रार्थनेतून उठलेल्या माणसाची नम्रता वाढली काय, शेजाऱ्यावरील प्रेम वाढले काय? झाडाची परीक्षा फळांवरून, ही प्रभूची शिकवण तीत उतरली आहे. रानडे यांनी तुकोबांच्या तळमळीचे विवेचन करताना या ख्रिस्ती परंपरेतील ‘आत्म्याची अंधारी रात्र’ ही कल्पना आपलीशी केली. देहू आणि स्पेन यांच्यामध्ये त्यांनी एक पाऊलवाट पाडली, आणि ती पाडणारा हात सांगली–विजापूरकडील एका नामधारकाचा होता.

परंतु तेरेसा किंवा तुकोबा यांच्यासारखा अनुभव आपल्यापैकी कितीजणांना येतो? आपण रविवारी मिस्साला जातो, रोझरी म्हणतो, मुलांना वळण लावतो. आपली श्रद्धा बहुतांशी दुसऱ्याच्या शब्दावर उभी आहे. आईने सांगितले, तिला तिच्या आईने सांगितले, आणि ही साखळी मागे जात जात प्रेषितांपर्यंत पोहोचते. शब्दावर असे विसंबणे हे ज्ञान म्हणावे की नुसती सवय? या प्रश्नासाठी मला नदीच्या वरच्या अंगाला, वाईला जावे लागते.

वाईची प्राज्ञपाठशाळा ही केवलानंद सरस्वतींची तपोभूमी. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी तेथेच घडले आणि मराठी विश्वकोशाचे महाकार्य त्यांनी वाईतच उभे केले. त्याचा पहिला खंड १९७६ साली निघाला. १९९४ साली तर्कतीर्थ गेल्यावर ती धुरा प्राध्यापक मे. पुं. रेगे यांच्याकडे आली. १९२४ साली जन्मलेले रेगे हे मुंबईच्या कीर्ती महाविद्यालयात प्राचार्य होते, ‘नवभारत’ आणि ‘न्यू क्वेस्ट’ या नियतकालिकांचे संपादक होते. २००० साली त्यांचे निधन झाले. पाश्चात्त्य तत्त्वज्ञान त्यांनी मराठीत इतक्या स्वच्छपणे मांडले, की अवघड विषय समजला नाही तर दोष भाषेला देता येऊ नये. ‘मी आस्तिक का आहे?’ हे त्यांच्या एका लेखनाचे शीर्षक आहे. त्यातील ‘का’ या अक्षरापाशी वाचकाने क्षणभर थांबावे. ‘मी आस्तिक आहे’ असे म्हणणारे पुष्कळ असतात. त्यापुढे स्वतःच प्रश्नचिन्ह मांडून उत्तर देण्याची जबाबदारी घेणारे थोडे.

१९८३ साली पुण्यात एक प्रयोग झाला. त्यात रेगे यांचा पुढाकार होता. एका बाजूला इंग्रजीतून तत्त्वज्ञान शिकलेले प्राध्यापक आणि दुसऱ्या बाजूला संस्कृतातून न्यायशास्त्र शिकलेले पंडित यांना एकत्र बसवण्यात आले. चर्चेचा विषय होता बर्ट्रांड रसेल यांची विधानविषयक उपपत्ती, आणि भाषा होती संस्कृत. पंडितांना रसेल ठाऊक नव्हते, प्राध्यापकांपैकी अनेकांना न्यायशास्त्राची परिभाषा अवघड होती. पण दोन परंपरा एकमेकींकडे पाठ फिरवून न बसता एकमेकींना ‘कशावरून?’ असे विचारू लागल्या. १९९१ साली त्यावरचा ग्रंथ निघाला. त्याचे नाव ‘संवाद’. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर आपण हा शब्द प्रवचनांतून पुष्कळ वापरला आहे. त्याला किती गृहपाठ लागतो, हे या प्रयोगाने दाखवले.

न्यायशास्त्र ज्ञानाची चार साधने मानते: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. चार्वाकांनी शब्दाला प्रमाण मानले नाही, वैशेषिकांनी त्याला अनुमानातच जमा केले. नैयायिकांनी मात्र त्याला स्वतंत्र आसन दिले, पण अटी घालून. सांगणारा ‘आप्त’ असला पाहिजे: त्याला ती गोष्ट स्वतः ठाऊक असली पाहिजे आणि जशी ठाऊक आहे तशी सांगण्याची त्याची इच्छा असली पाहिजे. आपल्या ख्रिस्ती परंपरेतही हा विचार जुना आहे. आपले आईबाप कोण, हेही आपण इतरांच्या सांगण्यावरूनच मानतो, असे संत ऑगस्टीनने आपल्या आत्मनिवेदनात लिहून ठेवले आहे.

माझ्या कार्यालयातील कपाटात स्नानसंस्काराच्या नोंदवह्या आहेत. लग्न ठरले की मुलगे-मुली दाखला मागायला येतात. त्यांच्यापैकी एकालाही आपला स्नानसंस्कार आठवत नाही. मलाही माझा आठवत नाही. कोण्या एका धर्मगुरूने लिहिलेली एक ओळ आणि धर्ममातापित्यांचा शब्द, यांवर ‘मी ख्रिस्ताचा’ हे आमचे सारे ज्ञान उभे आहे, आणि ते ज्ञान आहे यात मला शंका नाही. मात्र म्हणूनच नोंदवही लिहिणाऱ्याने प्रामाणिक असले पाहिजे. विश्वकोशाचे तेच. वाचक प्रत्येक नोंद तपासत बसत नाही. संपादकाने ती तपासली असेल, या भरवशावर पान उलटतो. ज्ञान म्हणजे काय हा प्रश्न हयातभर हाताळलेल्या माणसाने उतारवयात कोशाचे ओझे उचलावे, यात मला एक संगती दिसते.

हे सारे पुस्तकी वाटेल. म्हणून एक प्रसंग सांगतो. काही वर्षांपूर्वी आमच्या कबरस्थानात एका तरुण मुलाचा दफनविधी झाला. मंडळी पांगली. त्याची आई तेथेच उभी होती. मी जवळ गेलो तेव्हा तिने विचारले, “फादर, तो उठेल म्हणालात. हे तुम्हांला ठाऊक आहे, की म्हणायचं असतं म्हणून म्हणता?”

ज्ञानमीमांसेचा याहून कठीण प्रश्न मला कोणत्याही परीक्षेत आला नव्हता. मी म्हणालो, “मावशी, मी पाहिलेलं नाही. ज्यांनी उठलेल्या प्रभूला पाहिलं, त्यांच्या शब्दावर मी माझं आयुष्य ठेवलं आहे.” ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “म्हणजे तुम्हीही माझ्यासारखेच, ऐकून आहात.” मी ‘हो’ म्हणालो. त्यानंतर आम्ही दोघांनी मिळून एक रहस्य रोझरी म्हटली.

प्रेषितांच्या साक्षीलाही ‘कशावरून?’ असे विचारता येते आणि विचारावे. त्यांनी प्राण दिले, यावरून ते मनापासून बोलत होते एवढे ठरते. मनापासून बोलणाराही चुकू शकतो, असे तर्कशास्त्र म्हणेल, आणि ते खरेच आहे. कार्डिनल न्यूमन, जे २०१९ साली संत घोषित झाले, त्यांनी १८७० च्या आपल्या ग्रंथात दाखवले की जीवनातील आपले निश्चय एका अभेद्य पुराव्यावर क्वचितच उभे असतात. दोराचे अनेक धागे एकत्र वळले जातात, तसे अनेक लहान आधार मिळून खात्री होते. साक्षीदारांचा शब्द, रिकामी कबर, भ्यालेल्या शिष्यांना अचानक आलेले धैर्य, दोन हजार वर्षांतील संतांचे जीवन, आणि आपल्या स्वतःच्या प्रार्थनेत कधीमधी लाभलेली शांती: हे ते धागे. एकेक धागा तुटेल. वळलेला दोर भार सहन करतो. त्या मातेचा भार त्याने सहन केला, हे मी पाहिले आहे.

आता पालकांना एक विनंती. आपल्या घरांतून मुले डॉक्टर, अभियंते, परिचारिका होतात, याचा आनंदच आहे. पण एखाद्या मुलीने ‘मला तत्त्वज्ञान शिकायचे आहे’ असे म्हटले, तर ‘त्यावर पोट भरेल का?’ एवढ्यावर ते बोलणे संपवू नका. प्रश्न खोटा नाही. या क्षेत्रात नोकऱ्या मोजक्या आहेत आणि कित्येक महाविद्यालयांत हा विषय घेणारे विद्यार्थी बोटांवर मोजण्याइतके असतात. तरीही ज्या समाजात पाया तपासणारे कोणी उरत नाही, तेथे मजले चढवणाऱ्यांची घाई धोक्याची ठरते. आणि कॉलेजात जाणारा मुलगा मिस्सा चुकवून ‘देव आहे हे कशावरून?’ असे विचारू लागला, तर त्याला माझ्याकडे शिक्षेसाठी पाठवू नका. जेवणाच्या पानावर बसूनच त्याचे ऐका. त्याला रानडे यांच्याविषयी सांगा, रेगे यांच्याविषयी सांगा. संत थॉमस प्रेषिताने प्रश्न विचारला तेव्हा प्रभूने त्याला हाकलले नाही, आपल्या जखमा पुढे केल्या, हेही सांगा.

आणि उत्तर ठाऊक नसेल, तर ‘मला ठाऊक नाही, आपण शोधू’ असे म्हणा. त्या मुलाच्या दृष्टीने आपणच पहिले आप्त असतो. जे ठाऊक नाही ते ठाऊक नाही म्हणून सांगणाऱ्या आईबापांचा शब्द, जे ठाऊक आहे ते सांगताना त्याला प्रमाण वाटेल.