सोबतीचा हिशेब

प्रौढ दिव्यांग व्यक्तीच्या खर्चाचा विचार होतो तेव्हा औषधपाणी, फिजिओथेरपी आणि उपकरणे यांची बेरीज मांडली जाते. मित्रांना भेटणे, लग्नकार्याला जाणे, नाटक पाहणे यांवरचा खर्च मात्र हौसेच्या सदरात ढकलला जातो, आणि तिथेच हिशेब चुकतो. शाळा सुरू असेपर्यंत सवंगडी आपसूक लाभतात. वयाच्या अठराव्या वर्षानंतर ती चौकट सुटते आणि प्रत्येक भेट ठरवून, जोडीला माणूस देऊन, पैसे मोजून घडवून आणावी लागते.

अर्थतज्ज्ञ अमर्त्य सेन यांनी या प्रश्नाचे दोन पदर उलगडले आहेत: अपंगत्वामुळे कमाई घटते हा पहिला, आणि तेवढ्याच पैशात इतरांइतके जगणे साधत नाही हा दुसरा. सेरेब्रल पाल्सी, म्हणजे विकसित होत असलेल्या मेंदूला इजा झाल्याने हालचालींवर व शरीराच्या तोलावर परिणाम होणारी अवस्था, असलेला तरुण रविवारी नाटकाला निघाला, तर हा दुसरा पदर लख्ख दिसतो. मदतनिसाचे तिकीट वेगळे काढावे लागते. व्हीलचेअर रिक्षात मावत नसल्याने मोटार ठरवावी लागते. नाट्यगृहातल्या स्वच्छतागृहाचा दरवाजा अरुंद असेल या धास्तीने डायपर बांधून निघावे लागते आणि मध्यंतरातला चहाही टाळावा लागतो. मदतनीस परवडत नाही त्या घरी ही जागा बहुधा आई भरून काढते, आणि तिने सोडलेली नोकरी, तिची दुखावलेली पाठ, तिच्या स्वतःच्या राहून गेलेल्या भेटीगाठी कोणत्याच वहीत नोंदल्या जात नाहीत.

संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांगांच्या हक्कांविषयीच्या २००६ च्या करारनाम्याने, ज्याला भारताने २००७ मध्ये मान्यता दिली, समाजात राहण्यासाठी लागणारी वैयक्तिक मदत आणि सांस्कृतिक जीवनातील सहभाग हे हक्क मानले आहेत. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या २०१६ च्या कायद्याच्या कलम २४ मध्ये, ज्यांना दैनंदिन व्यवहारांत मोठ्या प्रमाणावर दुसऱ्याचा आधार लागतो अशांसाठी काळजीवाहक भत्त्याचा उल्लेखही आहे, मात्र सरकारच्या आर्थिक कुवतीच्या मर्यादेत. १९६१ च्या आयकर कायद्याने तीव्र अपंगत्व असलेल्या अवलंबिताच्या कुटुंबाला कलम ८०डीडीखाली १,२५,००० रुपयांची वजावट देऊ केली, पण ज्याच्यावर करच बसत नाही त्याच्या हाती त्यातून काही पडत नाही. आणि महाराष्ट्रात संजय गांधी निराधार अनुदान योजनेतून दिव्यांगांना मिळणारी रक्कम २०२५ मध्ये दरमहा २,५०० रुपयांवर नेण्यात आली, तरी पूर्णवेळ मदतनिसाचा महिन्याचा पगार तेवढ्यात भागत नाही.

म्हणून मदतनिसाचा मोबदला ही उपचारांइतकीच आवश्यक बाब मानून त्यासाठी स्वतंत्र भत्ता मिळायला हवा, आणि तो कुठे, कोणाबरोबर खर्च करायचा हे ठरवण्याचा अधिकार त्या प्रौढ व्यक्तीकडेच असायला हवा. ‘आमच्यानंतर याचे कसे होणार?’ हा पालकांचा प्रश्न केवळ मुदत ठेवींनी सुटत नाही. ज्याला चार माणसे नावाने ओळखतात, ज्याच्या न येण्याची चौकशी होते, त्याची हेळसांड लपून राहणे अवघड असते, आणि अशी माणसे जोडण्यासाठी आज केलेला खर्च हीच त्याच्या उद्याच्या सुरक्षिततेची पहिली तजवीज ठरते.