राउटर घरात, किल्ली दुसऱ्याकडे

काल रात्री बातमी पाठवायची होती आणि नेट रांगत होतं. म्हटलं, आपल्या वायफायवर कोण कोण बसलंय ते बघू. पण राउटरचं सेटिंगचं पान काही उघडेना. १९२.१६८.१.१ टाकलं की गुगल भलतंच दाखवायचं. मुलगी म्हणाली, "बाबा, तुम्ही शोधायला टाकताय. पत्ता वरच्या पट्टीत टाका, आणि आधी मोबाईल डेटा बंद करा." तरी नाही. शेवटी फोनमध्ये वायफायच्या माहितीत 'गेटवे' पाहिला. आमचा पत्ता निघाला १९२.१६८.१००.१!

पान उघडलं, आता पासवर्ड. राउटरखालच्या स्टिकरवरचा चालेना. कनेक्शन देणाऱ्या पोराला फोन लावला. "भाऊ, तो आम्ही बदलतो. कस्टमरला देत नाही." मी म्हटलं, मग रिसेट मारतो. तर घाईघाईने म्हणाला, "नका मारू, लाइनचं युजरनेम-पासवर्डपण उडेल, नेट बंद पडेल." (हे मात्र खरं आहे.)

अर्धा तास हुज्जत घातल्यावर दिला. यादीत १३ मोबाईल-लॅपटॉप, घरातले ५. वायफायचा पासवर्डही त्यानेच टाकलेला, माझं आडनाव आणि १२३. वर सहज सांगतो, "सेटिंगचा तर अख्ख्या गल्लीला एकच आहे."

राउटरचे पैसे मी भरलेत. उद्या कुणी माझ्या नेटवरून नको ते उद्योग केले, तर पोलीस आधी माझ्याच दारात येणार, त्या पोराच्या नाही.

दोन्ही पासवर्ड रात्रीच बदलले. तुम्हीही आपापल्या नेटवाल्याकडे मागा. देत नसेल तर खाली लिहा, सोमवारी त्यांच्या ऑफिसात जातोय.