पद्मिनीच्या खणातला फडका

जुनी गाडी सकाळी सुरू होत नसेल, तर बॉनेट उघडण्याआधी कान द्यावा. सेल्फ मारल्यावर नुसताच 'टक्' आवाज येतो, इंजिन कण्हत कण्हत फिरते, की गरागरा फिरूनही पेटत नाही? तिन्ही दुखणी वेगळी. हे न ऐकताच बॅटरी बदलायला सांगणारे मेस्त्री गावोगाव असतात, आणि त्यांच्यापायी चांगल्या बॅटऱ्या भंगारात जातात.

पहिल्या दोन प्रकारांत टर्मिनल पाहावेत. रत्नागिरीच्या खाऱ्या हवेत त्यांच्यावर पांढरट-हिरवा फुलोरा धरतो. बॅटरी सोडवून, गरम पाण्याने धुऊन, कोरडे करून टर्मिनल आवळले की अर्धे काम होते. इंजिनाकडून बॉडीला जाणारी अर्थची पट्टी मात्र कोणी पाहत नाही. ती गंजली की बारा व्होल्टची नवी बॅटरीही सेल्फला पुरत नाही.

सेल्फ जोरात फिरूनही गाडी पेटत नसेल, तर आधी करंट तपासावा. इथे पावसाळ्यात 3000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि डिस्ट्रिब्युटरच्या टोपीत आतून दव धरते. ठिणगी प्लगपर्यंत न जाता ओल्या बॅकेलाइटवरूनच पळते. यावर उपाय म्हणजे डॅशबोर्डच्या खणातला जुन्या धोतराचा फडका. टोपी काढून आतून पुसावी, भेग दिसते का पाहावे, पॉइंट पॉलिश पेपरने हलकेच घासावेत. त्यांच्यातली फट अर्ध्या मिलिमीटरहून थोडी कमी असते. पॉइंट वारंवार जळत असतील तर दोष बहुधा कंडेन्सरचा.

हे सारे पॉइंटवाल्या गाड्यांचे, म्हणजे मुख्यतः पद्मिनीचे. वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. कुर्ल्याच्या कारखान्यातली फियाट 1974 पासून 'पद्मिनी' म्हणून विकली जाऊ लागली. इंजिन 1089 सीसीचे. मुंबईच्या रस्त्यांवरून तिची शेवटची काळी-पिवळी टॅक्सी ऑक्टोबर 2023 अखेर निवृत्त झाली. सकाळच्या अडेलपणाशी या इतिहासाचा काही संबंध नाही. पण ती बातमी वाचून अनेकांनी आपल्या अंगणातल्या गाडीचे कव्हर काढले असेल.

ठिणगी चांगली असेल तर पेट्रोलकडे वळावे. थंड इंजिनाला चोक लागतो. चोक ओढून सतत सेल्फ मारत राहिले की प्लग भिजतात. मग चोक आत ढकलून, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारावा. बरेच दिवस उभ्या गाडीत पेट्रोल चढलेले नसते; पंपाला हाताने चालवायची पट्टी असेल तर ती दहा-वीस वेळा दाबावी.

मे महिन्यात आंबा घाट चढून गाडी थांबवली आणि पुन्हा सुरूच झाली नाही, तर पंपात पेट्रोलची वाफ अडलेली असण्याची शक्यता मोठी. तिथेही तोच फडका कामी येतो, फक्त या वेळी ओला करून पंपावर गुंडाळायचा. पाणी डिस्ट्रिब्युटरवर सांडू देऊ नये.

इलाज हाती लागेपर्यंत गाडी रात्री उतारावर लावण्याची जुनी युक्ती चालते: सकाळी दुसरा गिअर टाकायचा आणि गाडीने वेग घेतला की क्लच सोडायचा.

हल्लीच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते हवेतली ओल ओढते आणि जुन्या रबरी पाइपांना मऊ पाडते. बॉनेटखाली पेट्रोलचा वास आला तर सेल्फ मारू नये; आधी पाइप पाहावेत.