रेतीला सातबारा नाही

माघ लागला की आमच्या घरात मार्कंड्याच्या जत्रेची यादी निघते. ताडपत्री, दोर, रिकामी पोती, टॉर्च, चुलीवर काळा झाला तरी कुणी हळहळणार नाही असा जुना गंज. उपवासाची भगर आणि रताळी एका पिशवीत, दुसऱ्या दिवशीच्या पारण्याचे तांदूळ नि वांगी दुसरीत. समुद्र आमच्यापासून फार लांब. काठी रात्र काढावी असं मोठं पाणी आमच्या वाट्याला एकच, वैनगंगा. आणि तिच्या काठी उघड्यावर झोपायचा हक्काचा दिवस महाशिवरात्रीचा.

मध्य प्रदेशात शिवनी जिल्ह्यात उगम पावलेली ही नदी दक्षिणेकडे उतरत येते. चामोर्शी तालुक्यात मार्कंड्याजवळ मात्र ती वळते आणि उत्तरेला वाहू लागते. उत्तरवाहिनी झाली म्हणून या जागेला विदर्भाच्या काशीचा मान. काठावरच्या कोरीव देवळांमुळे विदर्भाचं खजुराहो ही दुसरी ओळख. अलेक्झांडर कनिंगहॅम १८७०च्या दशकात इथे येऊन गेले आणि त्यांनी या देवळांची तपशीलवार नोंद केली. मुख्य देवळाच्या शिखरावर वीज कोसळल्याची आणि पुढे एका गोंड राजाने डागडुजी केल्याची हकीकत जत्रेत अजून सांगितली जाते.

कॅलिफोर्नियात राहणारी पुतणी परवा फोनवर तिच्या तंबूच्या बेताबद्दल सांगत होती. तिकडच्या समुद्रकाठच्या सरकारी उद्यानांत तंबूच्या जागांना क्रमांक असतात आणि त्यांचं आरक्षण सहा महिने आधी उघडतं. ठरल्या सकाळी संगणकापुढे बसलं नाही तर उन्हाळा हातचा गेला. जागेबरोबर टेबल मिळतं, शेकोटीसाठी लोखंडी कडं मिळतं, शांततेची वेळही ठरवून दिलेली असते. तिचं ऐकताना मला त्या शिस्तीचा हेवा वाटला, आणि आपल्याकडे ठरवण्यासारखं किती थोडं असतं याची गंमतही वाटली. आपण कुठे झोपणार, हे मार्कंड्यात आदल्या पावसाळ्याने ठरवलेलं असतं.

गोसीखुर्द धरणाचे तेहेतीस दरवाजे पावसाळ्यात उघडायला लागले की खालचा सगळा काठ नदीच्या ताब्यात जातो. पाणी ओसरतं तेव्हा जुना काठ तसाच सापडेल याचा भरवसा नसतो. गेल्या साली जिथे चूल मांडली तिथे यंदा डोह असेल, जिथे गुडघाभर धार होती तिथे कोरडी रेती पसरलेली असेल. म्हणून सामान उतरवण्याआधी घरातल्या जाणत्याने एक फेरी मारायची. पायाखालची रेती दबून ओली लागली तर पुढे सरकायचं. बैलगाड्यांची वाट आणि पाणवठ्याची वाट, दोन्ही सोडून बसायचं. तंबूची खुंटी रेतीत धरत नाही. त्यासाठीच ती रिकामी पोती. पोत्यात रेती भरायची, तोंडाशी दोर बांधायचा आणि पोतं हातभर खोल पुरायचं. मग वारा सुटला तरी ताडपत्री हलत नाही. दिवसा तापलेली रेती पहाटेपर्यंत गार पडते, म्हणून सतरंजीखाली धानाचं तणस हवंच. पूर्वी धारेपासून चार पावलांवर झिरा खणायचे. पहिलं गढूळ पाणी उपसून टाकलं की खालून हळूहळू निवळ पाणी भरायचं, रेतीनेच गाळलेलं. आता आम्ही पाण्याच्या कॅन नेतो; पोरांना हौस म्हणून झिरा मात्र अजून खणला जातो.

शिवरात्र म्हणजे माघ वद्य चतुर्दशी. चंद्र उगवतो तोच पहाटे, तोही नखाएवढा. जत्रेतल्या दिव्यांपासून जरा दूर गेलं की मृग आणि व्याध डोक्यावर येतात. नदी उत्तरवाहिनी असल्याचा पुरावाही तेव्हाच मिळतो. धार जिकडे जाते तिकडे तोंड करून उभं राहिलं की समोर, क्षितिजापासून दोन मुठी वर, ध्रुव दिसतो. उजवीकडून सप्तर्षी चढत असतात.

मुक्काम चपराळ्याला करावा, अशी सूचना घरात दर वर्षी कुणीतरी करतंच. वर्धा आणि वैनगंगा मिळून तिथे प्राणहिता होते, शेजारी १९८६ साली जाहीर झालेलं अभयारण्य आहे, पळस फुललेला असतो. पण जंगलात आपल्या मनाने पथारी टाकता येत नाही. या भागात वाघ आहेत आणि २०२१पासून छत्तीसगडकडून आलेले रानटी हत्तीही. तिथे दिवसा जावं, दर्शन घ्यावं, परत फिरावं. रात्र माणसांच्या गर्दीतच बरी.

ज्यांच्या नावाने मार्कंड्याचं हे ठिकाण आहे ते मार्कंडेय मुनी महाभारताच्या वनपर्वात भेटतात. वनवासातल्या पांडवांना ते प्रलयाची गोष्ट सांगतात: सगळीकडे पाणीच पाणी आणि वडाच्या फांदीवर एक बाळ. राज्य गमावून उघड्यावर झोपणाऱ्या माणसांना, जग बुडूनही काय उरतं ते सांगण्याचा हा प्रसंग. दर पावसाळ्यात बुडणाऱ्या काठावर या मुनींचं नाव अगदी शोभतं.

रेतीला सातबारा नाही, असं मी म्हणतो खरा. पण तिला भाव आहे. घाटांचे लिलाव होतात, ट्रक भरून जातात, घरं उभी राहतात. माझ्याही घराच्या भिंतीत नदीची रेती आहे. तरीही जत्रेच्या त्या रात्री शेतमालक आणि शेतमजूर, चारचाकीतून आलेला आणि एसटीतून उतरलेला, सगळ्यांना तीच रेती तितकीच गार लागते. वडील इथे बसायचे म्हणून ही जागा आमची, असं कुणाला म्हणता येत नाही, कारण वडिलांची जागा नदीने केव्हाच वाहून नेलेली असते.

भाचा चामोर्शीत असतो. काल त्याचा फोन आला. "मामाजी, यंदा गर्दी लय राहील. आधीच ताडपत्री टाकून जागा धरून ठेवू का?"

त्याला सांगितलं, जागा धरू नको, तणस धरून ठेव. पाच माणसांना पुरून शेजाऱ्यालाही देता येईल एवढं.