घड्याळ धावतं की चालतं?

इंग्रजीतून मराठीत अनुवाद करणाऱ्याला अवघड शब्दांची धास्ती नसते. ‘फोटोसिंथेसिस’साठी ‘प्रकाशसंश्लेषण’ ठरलेलं आहे. छळतात ती शाळेत सगळ्यात आधी शिकलेली क्रियापदं, त्यातही ‘रन’. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाचे संपादक पीटर गिलिव्हर या एका क्रियापदावर नऊ महिने बसले होते. त्यांनी त्याचे ६४५ अर्थ लावले. त्याआधी, १९८९च्या आवृत्तीत, सर्वांत लांबलचक नोंदीचा मान ‘सेट’कडे होता.

आकडा दडपून टाकतो खरा, पण गुंता दिसतो तेवढा नाही. जुन्या इंग्रजीत या क्रियापदाला वाहण्याचाही अर्थ होता. त्याचं जर्मन भावंड ‘रिनेन’ आजही वाहतंच. म्हणून नदी, नळ, सर्दीने गळणारं नाक, धुताना जाणारा कपड्याचा रंग, ही सगळी मंडळी ‘रन’च्याच गोतावळ्यातली. यंत्रयुगाने त्यात मोठी भर घातली. गिरण्या आणि आगगाड्या ‘रन’ होऊ लागल्या, मग माणसं कंपन्या, शाळा आणि सरकारंही ‘रन’ करू लागली.

मराठीचा स्वभाव निराळा. आपलं घड्याळ चालतं, दुकान चालतं, नाटक चालतं आणि कशालाच हरकत नसेल तर ‘चालेल!’ इंग्रजी जिथे धावते तिथे आपण बहुधा चालतो. निवडणुकीला अमेरिकन उमेदवार धावतो, ब्रिटिश उभा राहतो. आपलाही उभाच राहतो. (पळापळ होते ती निकालानंतर.)

समानार्थी शब्दांच्या याद्यांवर माझा फारसा विश्वास नाही. शाळेत ‘धावणे’ आणि ‘पळणे’ एकाच ओळीत लिहून मार्क मिळतात. पण शेजारी मदतीला धावतो, पळत नाही. लग्न पळून जाऊन करतात, धावून जाऊन नव्हे. धावणाऱ्याच्या पुढे काहीतरी असतं, पळणाऱ्याच्या बहुतेक वेळा मागे. त्यामुळे अनुवाद करताना मी क्रियापदाकडे सगळ्यात शेवटी बघतो. आधी बघायचं, काय ‘रन’ होतंय: नाक, कारखाना, ताप की बातमी? ताप येतो, बातमी छापतात, कारखाना चालवतात. करार तीन वर्षांचा असतो. तिथे ‘असतो’ एवढं पुरतं, धावपळीची गरजच नाही.

हे पाहिलं नाही की काय होतं, ते रेल्वे स्टेशनावर रोज ऐकू येतं. गाडी म्हणे ‘अर्धा तास उशिराने धावत आहे’. कुठेतरी सिग्नलला ती खुशाल उभी असते आणि घोषणेत मात्र धावत असते. रेल्वेने सरळ सांगावं, गाडी अर्धा तास उशिरा येईल.